चित्रातले खेडे आणि खाचरातला माणूस

महाराष्ट्राच्या चित्रकलेत खेडे आणि खेड्यातला सामान्य माणूस गेली दीडशे वर्षे सतत दिसत आला आहे. मात्र तो नेमका कोणत्या मुलखातला, त्याच्या हातात काय आहे आणि ते तो कसे वापरतो, हे प्रश्न चित्रकारांनी क्वचितच स्वतःला विचारले, आणि चित्रसमीक्षेने तर त्याहूनही क्वचित. ग्रामीण जीवनाच्या चित्रांविषयी लिहिताना रंगसंगती, रेषेची लय, मातीचा गंध अशा शब्दांवर वेळ भागवण्याची प्रथा पडून गेली आहे. प्रस्तुत व्याख्यानात ते शब्द बाजूला ठेवून एक साधी कसोटी लावली आहे: चित्रात दाखवलेले काम जो रोज करतो, त्याने ते चित्र पाहिले तर आपलेच काम म्हणून त्याला ते ओळखू येईल काय? या कसोटीवर अनेक मान्यवर चित्रे कमी पडतात, आणि ज्यांच्याकडे दीर्घकाळ केवळ शोभेची म्हणून पाहिले गेले अशी काही चित्रे सहज उतरतात.

ही कसोटी राजूरसारख्या ठिकाणी लावून पाहणे विशेष उपयोगाचे आहे, कारण मराठी चित्रांनी रूढ केलेले खेडे आणि राजूरच्या भोवतालचे खेडे यांत साम्य थोडे आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातले, प्रवरेच्या खोऱ्यातले राजूर हे डोंगरातल्या गावांचे बाजाराचे गाव. वरच्या अंगाला १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण, त्याच्या पलीकडे १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, आणि भोवती महादेव कोळी व ठाकर समाजांची गावे आणि वाड्या. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके पावसाची वाट पाहतात, तर हा पट्टा पावसात बुडून जातो. साहजिकच इथली शेती खाचरांची, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या भाताच्या तुकड्यांची, आणि डोंगरउतारावरच्या नागली-वरईची. उन्हाळ्याच्या अखेरीस पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून जमीन भाजायची, त्या राबावर रोपे वाढवायची, पाऊस लागला की औत फिरवून चिखलणी करायची आणि मग वाकून एकेक रोप चिखलात लावत आवणी उरकायची, असा इथला कामाचा क्रम आहे. रानातून हिरडा गोळा करणे हे इथल्या अनेक घरांच्या हाती पैसा आणणारे काम, आणि भाताचा हंगाम संपल्यावर संगमनेर-नारायणगाव पट्ट्यात मजुरीला जाणे हेही वर्षाच्या चक्राचाच भाग.

आता मराठी चित्रातले सर्वपरिचित खेडे आठवावे. त्यात एक वड असतो, पाराशी तांबडे पागोटे घातलेला म्हातारा असतो, डोक्यावर दोन घागरी घेतलेली नऊवारी नेसलेली बाई असते, आणि उंच, निमुळत्या शिंगांची पांढरीशुभ्र खिलारी बैलजोडी असते. हे देशावरचे खेडे आहे, आणि देशावरचेही फार सुखी खेडे आहे. राजूरला दरवर्षी ज्या जनावरांचे प्रदर्शन भरते तो डांगी बैल या चित्रात कुठेच बसत नाही. डांगी ही अतिवृष्टीच्या डोंगराळ मुलखात घडलेली जात: पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, शिंगे आखूड आणि जाड, खूर काळे आणि टणक, आणि कातडीतून पाझरणारा तेलकट स्राव, ज्यामुळे पावसाचे पाणी अंगावर टिकत नाही आणि बैल भर पावसात चिखलणीचे काम ओढू शकतो. महाराष्ट्राच्या चित्रांत बैल असंख्य आहेत. त्यांत डांगी शोधू जाता हाताशी फारसे काही लागत नाही. ही गोष्ट किरकोळ वाटेल, परंतु बैल चुकला की शेती चुकते, आणि शेती चुकली की त्या शेतीतला माणूस केवळ वेशभूषेपुरता उरतो.

असे का झाले, याचे उत्तर आधुनिक चित्रकलेच्या आरंभातच सापडते. अजिंठ्याच्या भिंतींवर राजवाड्यांभोवती सेवक, शिकारी, भिक्षेकरी, वाटसरू अशी सामान्य माणसांची दाटी आहे, पण तिथे ती कथेच्या ओघात येतात. सामान्य माणूस हाच स्वतंत्र चित्रविषय झाला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, कंपनी शैलीच्या चित्रांत. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी भारतीय चित्रकारांनी विलायती कागदावर, जलरंगांत आणि छायाप्रकाशाचे थोडेफार यथार्थ तंत्र वापरून काढलेल्या चित्रांना ही संज्ञा आहे, आणि त्यांतला फार लोकप्रिय प्रकार म्हणजे जाती व धंदे यांचे संच: एका पानावर कुंभार आणि त्याची बायको, दुसऱ्यावर कोष्टी, तिसऱ्यावर पाणक्या. पुण्यातही पेशव्यांच्या दरबारी असलेला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्या सहवासात गंगाराम चिंतामण तांबट हा चित्रकार तयार झाला, ज्याने वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याची अतिशय बारकाईने चित्रे काढली. गंगारामची निरीक्षणशक्ती वादातीत होती, पण काय पाहायचे हे ज्याने ठरवले तो दुसराच होता. जातिधंद्यांच्या संचांत माणूस आला तो नमुना म्हणून, संग्रहात क्रमांक लावून ठेवण्याजोगा एक प्रकार म्हणून. त्याला नाव नव्हते, आणि त्याचे अवजार हे केवळ धंद्याची खूण म्हणून हातात दिलेले होते.

मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेनेही हीच दृष्टी पुढे चालवली, जरी तिचे तंत्र कितीतरी अधिक सफाईदार होते. तिथे १८६५ मध्ये शिक्षक म्हणून आलेले जॉन लॉकवुड किपलिंग यांनी सरकारच्या सांगण्यावरून उत्तर हिंदुस्थानातल्या कारागिरांची कामात गढलेली रेखाचित्रे केली, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी कमानींवरच्या शिल्पपट्टांत शेतकरी आणून बसवले. बाजारात येणाऱ्या मालाचा कर्ता त्या बाजाराच्या दारावर असावा, ही कल्पना चांगलीच होती. पण तिथला शेतकरी ग्रीक शिल्पातल्या देवासारखा शांत आणि पुष्ट आहे, आणि ज्या काळात तो दगडात कोरला गेला त्या काळातला दख्खनचा शेतकरी शांतही नव्हता आणि पुष्टही नव्हता.

इथे १८४८ या वर्षाचा योगायोग नोंदण्याजोगा आहे. त्या वर्षी २ मे रोजी, राजूरजवळच्या देवगावचा, सावकार आणि कंपनी सरकार यांविरुद्ध उठलेला राघोजी भांगरे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्रांती होऊन राजेशाही कोसळली आणि तिथल्या सरकारी वार्षिक प्रदर्शनात झाँ-फ्राँस्वा मिये या शेतकऱ्याच्या मुलाने सुपातले धान्य उफणणाऱ्या, गुडघ्याला चिंध्या बांधलेल्या एका मजुराचे चित्र मांडले. पुढच्या वर्षी गुस्ताव कूर्बे याने खडी फोडणारे दोघे रंगवले, आणि १८५७ मध्ये मियेनेच कापणी झालेल्या शेतात सरवा वेचणाऱ्या तीन बायकांचे ते प्रसिद्ध चित्र प्रदर्शनात लावले, ज्यात पॅरिसच्या काही समीक्षकांना बंडाची चाहूल लागली. सरवा म्हणजे मालकाने पीक उचलल्यावर जमिनीवर राहिलेली कणसे, आणि ती वेचायची मुभा ज्यांना द्यावी लागते त्यांच्या घरी धान्य नसते, हे त्या समीक्षकांना पुरते ठाऊक होते. युरोपीय चित्रकलेत ज्याला वास्तववाद म्हणतात, म्हणजे इतिहासपुरुष आणि देवदेवता यांना राखून ठेवलेल्या मोठ्या आकारात आणि गांभीर्याने रोजच्या जगण्याचे चित्रण करणे, तो असा राजकीय उलथापालथीच्या पोटी जन्मला. मुंबईच्या कलाशाळेत युरोपचे तंत्र आले, मॉडेल बसवून चित्र काढण्याची शिस्त आली, तैलरंग आले. हा वास्तववाद मात्र वाटेतच राहिला.

याचा पुरावा १८७५ च्या दंगलींत आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले आणि उठाव नगर जिल्ह्यात पसरला. जमावांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या दप्तरांवर होता, आणि गावोगावी कर्जरोखे व वह्या जाळल्या गेल्या. याच वर्षांत, म्हणजे १८७२ ते १८८५ या काळात, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. चे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करीत होते. ते काम मोलाचे होते, त्यातून पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार तयार झाले, आणि विद्यार्थ्यांनी नकला सोडून दंगली रंगवायला जावे अशी अपेक्षा करणे हास्यास्पद ठरेल. तरीही जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या घरातली भांडी, त्याचे अंथरूण, त्याची भाकरी यांचे जे तपशीलवार चित्र १८८३ पर्यंत शब्दांत उभे करीत होते, त्याच्या जवळपास जाणारे एकही चित्र त्या काळच्या नामवंत कुंचल्यांतून उतरले नाही, हे सांगणे भाग आहे.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्याविषयी मात्र सरधोपट निकाल देता येत नाही. कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये जे. जे. त आले आणि पुढची चार दशके तिथेच राहिले. त्या वर्षांची हकीकत त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. रस्त्यावरचा माणूस त्यांच्याइतका दुसऱ्या कोणी पाहिला असेल असे वाटत नाही. भाजीवाली, कोळीण, घाटी हमाल, देवळाच्या पायरीवरची विधवा, लग्नघरातली धांदल, हे सारे त्यांच्या पोस्टकार्डांत, पुस्तकांतल्या चित्रांत आणि जलरंगांत भरून राहिले आहे, आणि लुगड्याचा काष्टा जातीजातींत कसा बदलतो, पदर कोणत्या खांद्यावर येतो, हे त्यांच्या चित्रांवरून आजही अभ्यासता येते. प्रश्न आहे तो ही चित्रे कोणासाठी होती याचा. त्यांनी ज्यांची पुस्तके सजवली ते एस. एम. एडवर्ड्स, सी. ए. किंकेड, ऑटो रॉथफिल्ड हे तिघेही सनदी नोकरीतले इंग्रज अधिकारी होते. वाचकही बहुतांशी त्याच वर्तुळातला. त्यामुळे चित्राखाली जात किंवा धंदा लिहिला जाई आणि चित्रातली बाई त्या जातीची प्रतिनिधी म्हणून उभी राही. धुरंधरांची बोटे कंपनी शैलीच्या कारागिरांहून कितीतरी पुढे गेली होती, पण चित्राखालची ओळ तीच राहिली. त्यांच्या झरझर काढलेल्या रेखाटनांत, जिथे खाली अशी ओळ लिहायची नव्हती, तिथे माणसे एकदम मोकळी होतात, वाकतात, भांडतात, ओझे एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घेतात. आणि धुरंधरांचे खरे मोठेपण त्या रेखाटनांत आहे, गाजलेल्या पौराणिक तैलचित्रांत नाही, असे मत इथे मांडावेसे वाटते.

सावकारी चित्रात आली ती शेवटी पडद्यावर. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, ज्यांचा हात नाटकांचे पडदे रंगवण्यात घडला होता, यांनी १९२५ मध्ये नारायण हरी आपटे यांच्या कथेवर 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. जमीन सावकाराच्या घशात गेलेला आणि अखेर शहरात गिरणी कामगार झालेला शेतकरी त्यात तरुण व्ही. शांताराम यांनी उभा केला होता. देखाव्यांच्या पौराणिक चित्रपटांत नाव कमावलेल्या एका चित्रकाराने काळोख्या झोपडीकडे कॅमेरा वळवावा, ही घटना चित्रपटाच्या इतिहासात नोंदली गेली, चित्रकलेच्या इतिहासात मात्र तिची दखल अपुरीच घेतली जाते. दंगलींना पन्नास वर्षे उलटल्यावर कर्जाचा कागद हा दृश्यकलेचा विषय होऊ शकला, आणि तो ज्याने केला त्याचे आडनावच पेंटर पडलेले होते.

स्वातंत्र्यानंतर खेडे हा राष्ट्राचा चेहरा मानला जाऊ लागला आणि नमुन्याची जागा प्रतीकाने घेतली. ललित कला अकादमीचे राष्ट्रीय पुरस्कार १९५५ मध्ये ज्या चित्रांना मिळाले त्यांत पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांचे 'जमीन' आणि इंदूरच्या मराठी वातावरणातून आलेले, पुढे बडोद्याला अनेक पिढ्या घडवणारे नारायण श्रीधर बेंद्रे यांचे 'काटा' ही दोन होती. हुसेन यांच्या आडव्या पटावर बैल, चाक, बाई, घर ही सारी खुणांसारखी मांडलेली आहेत. तो पट प्रभावी आहे, पण त्यातली जमीन कोणत्याही एका शिवारातली नाही, आणि तिच्यावर कोणाचा सातबाराही चढलेला नाही. बेंद्रे यांनी निवडलेला विषय याहून लहान आणि म्हणूनच अधिक धारदार होता: पायात रुतलेला काटा. अनवाणी चालणे ही गोष्ट त्याआधीच्या शेकडो चित्रांत लाघव म्हणून आली होती. बेंद्रे यांनी, कोनाकोनांत आकार मोडणाऱ्या घनवादी पद्धतीतही, अनवाणी पायाचे काय होते ते दाखवले. उत्तरायुष्यात ते बिंदुवादी तंत्राकडे, म्हणजे शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून दूरवरून आकार घडवण्याकडे वळले, आणि त्यांच्या खेडूत बाया अतिशय देखण्या, शांत आणि संग्राहकांच्या आवडत्या झाल्या. काट्याची धार त्या चित्रांत शोधूनही सापडत नाही.

नागपूरजवळच्या बेला गावातून मुंबईत आलेल्या बी. प्रभा यांनी ग्रामीण आणि कोळी स्त्रियांच्या उंच, सडसडीत, खिन्न आकृती आयुष्यभर रंगवल्या. त्यांची सहानुभूती खोटी नाही, पण एकाच रंगात न्हालेल्या त्या आकृतींच्या हातातली टोपली बहुधा रिकामी भासते, कारण टोपलीच्या वजनाने मानेचे आणि कमरेचे काय होते हे त्या लांबवलेल्या देहात उमटतच नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या दिवाळी अंकांवरच्या आणि कॅलेंडरांवरच्या ग्रामकन्यांची गोष्ट निराळी. त्यांनी गोडवा हेच उद्दिष्ट ठरवले होते आणि ते पूर्णपणे साधले. विशेष असे, की ही चित्रे खुद्द खेड्यांतल्या घरांत भिंतींवर लागली. खेड्याने आपले चित्र म्हणून जे स्वीकारले ते शहरात तयार झालेले होते, आणि त्यात आपले काम नाही याबद्दल कोणी तक्रार केल्याचे दिसत नाही. काम तर दिवसभर समोर असतेच, भिंतीवर थोडा विसावा असावा, असा विचार त्यामागे असेल तर तोही समजण्याजोगा आहे.

या सगळ्या चित्रपरंपरेच्या बाहेर, सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला, डहाणू-जव्हार-मोखाड्याच्या वारली पाड्यांत एक वेगळीच चित्रे होत होती. कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या आणि गेरूने रंगवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी घेऊन, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने, लग्नाच्या वेळी सुवासिनी देवचौक काढीत. त्या चौकात पालघट ही सुफलतेची देवी असे आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी व गाणी गाणारी पुरोहित स्त्री, विधी पार पाडी. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रे कागदावर काढून घेण्यास सुरुवात केली आणि गंजाड गावच्या कळंबीपाड्यातले जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) या पुरुषाच्या हातून ती जगापुढे गेली. म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि पॅरिसला १९८९ मध्ये भरलेल्या जागतिक कलेच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती.

वारली चित्रात माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, एक गोल डोके आणि काडीसारखे हातपाय. चेहरा नाही, वय नाही, कपडा जवळजवळ नाही. ज्याला चित्रकलेच्या शाळेत व्यक्तिचित्रण म्हणतात त्यातले काहीच इथे नाही, आणि तरीही आवणी करणारी बाई कोणती, पेंढा झोडणारा कोणता, कणगीत भात ओतणारा कोणता, ताडावर चढणारा कोणता, हे क्षणात कळते. याचे कारण त्या दोन त्रिकोणांच्या सांध्यात आहे. दोन टोके जिथे भेटतात ती कंबर, आणि वारली चित्रातली सारी हालचाल त्या एका बिंदूतून निघते: वरचा त्रिकोण किती कलला यावरून ओझे, वेग, थकवा, नाच सारे ठरते. आवणी करणाऱ्या बाईला विचारले तर दिवसअखेर ती कमरेकडेच बोट दाखवील. म्हणजे चित्रकाराने देहातली नेमकी तीच जागा पकडली आहे, जिच्यातून काम जाते. म्हसे यांच्या मासे पकडण्याच्या जाळ्याच्या चित्रांत हजारो बारीक रेघा एकमेकींत गुंततात आणि पाहणाऱ्याला जाळे विणायला लागणारा वेळच डोळ्यांनी मोजावा लागतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने १८८५ मध्ये बटाटे खाणारे शेतकरी कुटुंब रंगवताना, ताटातला बटाटा ज्यांनी खणला तेच हे हात आहेत हे दिसले पाहिजे, असा आग्रह भावाला लिहिलेल्या पत्रात धरला होता. त्याला त्यासाठी कितीतरी हातांचे आणि चेहऱ्यांचे अभ्यास करावे लागले. वारली चित्रकाराला तो अभ्यास शेतात आपोआप झालेला असतो.

या कौतुकाला दोन मर्यादा घालणे आवश्यक आहे. एक म्हणजे भिंतीवरची बायकांची कला कागदावर येताना पुरुषांच्या हाती गेली, आणि सह्या, पुरस्कार, परदेशवाऱ्या प्रामुख्याने त्यांच्या वाट्याला आल्या. चौक काढणाऱ्या सुवासिनींची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. दुसरी मर्यादा राजूरच्या वाचकाला अधिक जवळची. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे, परंतु कपबशा, पिशव्या आणि सह्याद्रीतल्या वाटेल त्या पर्यटन निवासाची भिंत यांवर तारपा या वाद्याभोवतीचा तोच गोल नाच छापून 'आदिवासी' वातावरण तयार करण्याची रीत पडली आहे. अकोल्याच्या पट्ट्यातले महादेव कोळी आणि ठाकर हे वारली नव्हेत. त्यांचे देव, त्यांची गाणी, त्यांची घरे वेगळी. पिठाच्या रंगातली ती आकृती जिथे जन्मली तिथे ती अचूक होती, आणि दुसऱ्या मुलखाच्या भिंतीवर परस्पर चिकटवली की तीही पुन्हा नमुनाच बनते.

सामान्य माणसाच्या चित्राविषयी बोलताना दोन समकालीन नावे टाळता येत नाहीत. नागपूरचे सवी सावरकर यांनी आपल्या अम्लरेखनांत, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून घेतलेल्या ठशांत, अस्पृश्यता आणि देवदासी हे विषय अशा कडवटपणे आणले, की सुखी खेड्याच्या चौकटीबाहेर कोणाला ठेवले होते ते स्पष्ट व्हावे. पाणवठ्याची चित्रे मराठीत अमाप आहेत. त्या पाणवठ्यावर कोणाला घागर बुडवता येत नव्हती, याचा उल्लेख त्यांत नव्हता. दुसरे नाव सुधीर पटवर्धन यांचे. पुण्यात १९४९ मध्ये जन्मलेले पटवर्धन व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ होते आणि ठाण्यात दवाखाना सांभाळून त्यांनी 'इराणी रेस्तराँ', 'लोअर परळ' यांसारखी चित्रे काढली. त्यांचा माणूस शहरातला आहे, पण त्यातले कितीतरी जण गाव सोडून आलेले आहेत हे त्यांच्या खांद्यांच्या ठेवणीवरून, उकिडवे बसण्यावरून ओळखता येते. रोज लोकांची हाडे पाहणाऱ्या डॉक्टरने देहाला सुंदर करण्याच्या भानगडीत पडू नये आणि करुणेनेही तो विरघळवू नये, हे त्यांच्या चित्रांचे बळ आहे. नारायणगावच्या चौकात सकाळी कामाची वाट पाहत उभा असलेला डोंगरातला मजूर रंगवायला असाच चित्रकार हवा.

राहिला प्रश्न राजूरच्या मुलखाचा. इथली मुले शाळेत महाराष्ट्र शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना बसतात, आणि त्यांत स्मरणचित्राचा, म्हणजे पाहिलेले दृश्य आठवून काढण्याचा, विषय असतो. राज्यभर या विषयाच्या तयारीत जी चित्रे गिरवली जातात त्यांत तीन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, कौलारू झोपडी, वळण घेणारी नदी आणि नांगराला जुंपलेले पांढरे बैल असतात. खिडकीतून खराखुरा डोंगर दिसत असताना मूल त्रिकोण काढते, कारण परीक्षेत त्रिकोण चालतो. स्मरणाच्या नावाखाली विस्मरण शिकवले जात आहे, असा हा प्रकार आहे, आणि त्यात दोष मुलांचा किंवा एकट्या शिक्षकाचा नाही. दीडशे वर्षांत घडलेले तयार खेडे अखेरीस त्या कागदावर उतरते आहे.

त्या मुलांना काढता येण्याजोगे पुष्कळ आहे. इरले हे त्यांपैकी एक: बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पाने बसवून केलेले हे आच्छादन डोक्यापासून कमरेपर्यंत पाठीवर बसते, ते वाकलेल्या माणसासाठीच घडवलेले असते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते, उभ्या माणसाच्या छत्रीसारखे ते रंगवले तर चित्र देखणे होईल आणि चुकेल. आता अनेक ठिकाणी इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे, आणि प्रामाणिक चित्रात निळा-पांढरा प्लास्टिकचा कागदच यायला हवा, इरल्याची हौस नव्हे. हिरडा झोडपण्याची काठी, राबाचा धूर, चिखलणीनंतर बैलाच्या पोटापर्यंत चढलेला चिखल, भाताची मळणी करताना उडणारा भुसा आणि त्याने चुरचुरणारे डोळे, मजुरीला निघताना एसटीच्या टपावर चढवलेली बोचकी, यांतले काहीही महाराष्ट्राच्या चित्रसंग्रहालयांत पुरेसे आलेले नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाण्यांच्या जतनासाठी पद्मश्री मिळाल्यावर या तालुक्यातली एक शेतकरी स्त्री छायाचित्रांत नावानिशी दिसू लागली. चित्रांतल्या बाया मात्र अजूनही 'ग्रामीण स्त्री' याच शीर्षकाखाली उभ्या आहेत.

म्हणून राजूरकरांपुढे आणि प्रदर्शनाच्या आयोजकांपुढे एक व्यवहार्य विनंती ठेवावीशी वाटते. डांगी जनावरांच्या प्रदर्शनात यापुढे एक मांडव चित्रांसाठी राखून ठेवावा. त्यात तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी समोरचा बैल, समोरचे अवजार आणि समोरचा माणूस पाहून काढलेली चित्रे लावावीत. प्रत्येक चित्राखाली जातीचे किंवा धंद्याचे नव्हे तर त्या माणसाचे, त्याची संमती घेऊन, नाव लिहावे. आणि परीक्षक म्हणून कलाशिक्षकांच्या जोडीला आवणी केलेल्या दोन बाया आणि औत हाकलेले दोन शेतकरी बसवावेत.